पिक्चर टुकार पण इफेक्ट्स भारी, मग पैसे वसूल म्हणायचं का?

अर्धाकटिंग
मंडळी घरातलं एक भांडण सोडवा. २०२५ च्या जुलैत 'जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ' थेटरात बघितला, मी आणि पोरगा (वय ८), बाहेर आलो तेव्हा दोघंही जाम खूश. परवा तोच घरी टीव्हीवर लावला, बायको पहिल्यांदाच बघत होती. सुरुवातीलाच तो सीन आहे ना, एवढी मोठी लॅब, आत राक्षसासारखा डायनासोर कोंडलेला, आणि एकाच्या चॉकलेटचा कागद दरवाजाच्या यंत्रणेत ओढला जातो आणि सगळी सिस्टिम बोंबलते. बायको म्हणाली याच्यापेक्षा आपल्या सोसायटीची लिफ्ट बरी. मग ती मेथी निवडायला घेऊन बसली आणि दर पाच मिनिटाला एक प्रश्न, हे कुटुंब पोरीबाळी घेऊन असल्या समुद्रात होडी घालतंच कशाला, औषधासाठी सगळ्यात मोठ्याच तीन डायनासोरांचं रक्त का हवं. मी म्हटलं त्यांचं हृदय मोठं असतं म्हणून. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

पण नदीवरचा टी-रेक्सचा सीन आला, तो काठावर झोपलाय आणि ती पोरगी रबरी होडी फुगवायला जाते, तेव्हा तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. पूर्ण सीन संपेपर्यंत.

तर प्रश्न असा की असे दोनतीन सीन असले तर बाकी पिक्चर माफ करायचा का? माझं म्हणणं हो. तिचं म्हणणं थेटरातल्या आवाजाने तुला गंडवलं.

खडूस_काका
वहिनींशी १०० टक्के सहमत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

१९९३ चा पहिला 'जुरासिक पार्क' काढून बघा. दोन तासांहून थोड्या मोठ्या पिक्चरमध्ये डायनासोर दिसतात जेमतेम पंधराएक मिनिटं, आणि त्यातले कॉम्प्युटरवर केलेले निम्म्याहून कमी, बाकी सगळी यंत्रावर हलणारी रबरी धुडं. तरी आठवतं काय? पाण्याचा ग्लास! गाडीत ग्लास ठेवलाय, पाण्यावर गोल गोल तरंग उठतात, बस. ते कसं केलं माहितीये का, डॅशबोर्डखालून गिटारची तार लावली आणि खाली बसून एकाने ती छेडली. मग पोरगी विचारते बकरी कुठे गेली, आणि गाडीच्या काचेच्या टपावर बकरीचा पाय येऊन पडतो. अजून रेक्स आलेला नाही हां, आणि आपण खुर्चीत आकसून बसलोय. १९९४ ला हिंदीत आला तेव्हा आमच्या तालुक्याच्या थेटरात शिट्ट्या मारणारी पोरं त्या सीनला गपगार झाली होती, मीही त्यातलाच एक. आता पहिल्या दहा मिनिटांतच पूर्ण प्राणी दाखवून टाकतात, मग उरतं काय.

मिरजेचा_मी
काका तुमचं नेहमीचंच, जुनं ते सोनं 😄 जत्रेत मौत का कुआं बघायला जाताना कोणी स्टोरी विचारतं का? बाईकवाला गोल गोल फिरतो, हात सोडतो, वरून लोक नोटा धरतात आणि तो येऊन हिसकावून नेतो, आपण टाळ्या वाजवून खाली उतरतो. काही पिक्चर तसलेच असतात. मी पण थेटरातच बघितला, समुद्रातला मोसासॉरसवाला भाग एवढा भारी होता की तिकीट तिथेच वसूल झालं, पुढचं बोनस.

खडूस_काका
मौत का कुआं दहा मिनिटांत संपतो. सव्वादोन तास फिरवला असता तर तुम्हीच म्हणाला असता बाबा उतर आता.

आणि जुनं ते सोनं म्हणताय तर ऐका, रीबर्थची पटकथा डेव्हिड केपची, म्हणजे १९९३ वाल्या दोन लेखकांतला एक. तो नदीचा सीनही मूळ कादंबरीतला, पहिल्या पिक्चरमध्ये घेता आला नव्हता. म्हणजे वहिनींची मेथी थांबवणारी गोष्ट पस्तीस वर्षं आधीची, १९९० ची लिहिलेली आहे. इफेक्ट्सने नाही थांबवली.

रोटोवाला
मी याच धंद्यात आहे, मुंबईत, रोटो करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शूट केलेल्या माणसाची कड फ्रेम बाय फ्रेम कापून काढायची म्हणजे मागे डायनासोर किंवा काय ते बसवता येतं. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम आणि हिरोईनचे केस ओले असतील तर मेलोच. एका पिक्चरसाठी (नाव नाही सांगत) एकच शॉट अकरा दिवस केला आणि मग कळलं की सीनच ओमिट झाला, कारण गोष्ट कशी संपवायची तेच वरच्यांचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं. तर इफेक्ट्सने पिक्चर वाचवा म्हणतात ना, ते आमच्याकडे असं येतं, कथेतलं भोक झाकायला आणखी एक राक्षस टाका आणि तारीख तीच ठेवा. रीबर्थच्या शेवटी तो बेढब डोक्याचा प्राणी बघून मला तरी तेच वाटलं, आतलं काही माहीत नाही हां.

गंमत म्हणजे याचा दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स आमच्यातूनच वर गेलेला. २०१० च्या 'मॉन्स्टर्स'चे इफेक्ट्स त्याने स्वतः केले होते, आणि त्यात राक्षस फार दिसतच नाहीत, दोन माणसं चाललीत आणि आपल्याला त्यांची काळजी.

अर्धाकटिंग, तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पिक्चर चांगला दिसतो त्याचं एक कारण बराचसा भाग थायलंडला जाऊन खऱ्या जागी फिल्मवर शूट केलाय. खरं ऊन, खरी झाडं मिळाली की आमचं अर्धं काम होतं.

सईची_आई
फाळक्यांना विसरलात सगळे! १९१९ चा 'कालिया मर्दन', जेवढा शिल्लक आहे तेवढा बघा. कृष्ण म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. आणि सुरुवातीला फाळके काय करतात, साप नाही दाखवत, तर आधी ती पोर साध्या रूपात समोर येऊन चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. तो कालिया आज बघितला तर बनवलेला आहे हे शेंबडं पोरही सांगेल, तरी माझी सई मांडीवर बसून म्हणत होती आई ती बुडेल ना. कारण आधी पोरगी ओळखीची झाली होती.

कोणी म्हणेल लोकांना गोष्ट आधीच माहीत होती म्हणून चाललं. मग 'आदिपुरुष'ला पण माहीतच होती की 🙏 तिथे इफेक्ट्सवर लोक टीझरपासून चिडलेले आणि संवाद तर रिलीजनंतर बदलायची वेळ आली.

मिरजेचा_मी
आदिपुरुषचं नाव काढलं म्हणजे मी हरलो. मोसासॉरसवर मात्र ठाम आहे.

अर्धाकटिंग
बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. मेथी कोणी थांबवली यावर तिचं उत्तर वेगळंच निघालं, म्हणे ती पोरगी होडी ओढताना वळून वळून त्या झोपलेल्या धुडाकडे बघते ना, अगदी तसं मी आपल्या घोरणाऱ्या मामंजींच्या खोलीतून रिमोट आणताना करते. रेक्स कसा दिसत होता हे तिला आठवतसुद्धा नाही.

शनिवारी १९९३ चा लावतोय, पोराने पाहिलेला नाही अजून. हिंदी लावू की इंग्रजी?

खडूस_काका
हिंदी. आणि ग्लासाच्या सीनला दिवे बंद, भाजी निवडणं पण बंद.