एंडर आयचा कोन ०.०१ नं हलवून फरक पडतो का?

औसेकर:
माइनक्राफ्ट जावा खेळतोय. जमिनीखालचा स्ट्राँगहोल्ड (किल्ला) शोधायला निंजाब्रेन बॉट लावलाय, तो आयच्या दोन फेकींवरून जागा काढतो. स्ट्राँगहोल्डकडं उडणारी एंडर आय फेकली, तिच्यावर नेम धरून एफ३+सी दाबलं (माझी जागा अन् नजरेचा कोन कॉपी होतो), शंभरेक ब्लॉक आडवं जाऊन परत तेच. बॉट छातीठोक सांगतो जागा हीच, अन् खांदून बघावं तर निस्ता दगड. स्ट्राँगहोल्ड चार चंक (एक चंक १६ ब्लॉकचा) पुढं निघायलाय! बॉटमध्ये कोन ०.०१ अंशानं कमी-जास्त करायची बटणं आहेत म्हणे. एवढ्याशानं काय होणार राव? लॅपटॉप जुना, १३६६ बाय ७६८.

मोजणीकाका:
बाळा, माझी नोकरी शेतं मोजण्यात गेली, आता नातवासोबत हे खेळतो. घोळ बॉटचा नाही, तिकोनाचा आहे. बांधाच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीवरचं देऊळ धरावं, तसं चाललंय तुझं. स्ट्राँगहोल्ड २००० ब्लॉकवर अन् तू सरकलास १००, तर दोन रेघांत कोन जेमतेम २.९ अंश. त्यात ०.१ चुकलं की अंतर सत्तरेक ब्लॉकनं हुकतं. झाले तुझे चार चंक.

तुझ्या पडद्यावर एफओव्ही (नजरेचा आवाका) ७० ला मधला एक पिक्सेलच ०.१ अंशाचा आहे. एफओव्ही ३० कर, तो ०.०४ वर येतो. माउसची सेन्सिटिव्हिटीही उतरव. तरी आय पडद्यामधल्या नेमाच्या फुलीच्या एक पिक्सेल उजवीकडं राहिली तर अधिकचं बटण चारदा दाब, डावीकडं असेल तर वजाचं. मान फार वर असेल तर एखादी दाब जास्त.

दोन्ही वेळा एकाच बाजूला सारखंच हुकलास तर फार बिघडत नाही, रेघा सोबतच वळतात. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झालं की मात्र दुप्पट मार.

औसेकर:
काका, मग ३०० ब्लॉक सरकलो तर?

मोजणीकाका:
चूक तिसऱ्या हिश्श्यावर येईल. पण घड्याळ लावून गेम झटपट संपवायलास का निवांत खेळायलास, ते तू बघ.

नांदेडचा गडी:
बॉटमधलं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे तुझा नेम सहसा किती अंशानं हुकतो तो आकडा, पण तपास. कुण्या तरबेज गड्याचा बारीक आकडा उचलून टाकला असशील तर बॉट उगाच खात्रीनं बोलतो. कॅलिब्रेट करून स्वतःचा टाक. अन् एफ३+सी दाबून धरू नकोस, दहा सेकंदांत गेम मुद्दाम क्रॅश होतो.

औसेकर:
३० वर आय केवढी मोठी दिसायलीय! एका कोनाला चार दाबा दिल्या तर बॉटनं जागा दोनेक चंक सरकवली की. लाईट आली की खांदतो.