जुन्या फोटोवरचे डाग काढले की चेहरा मेणाचा होतोय, काय चुकतंय?

अर्धवट_एडिटर:
मंडळी, आजीच्या तरुणपणीचा घरात एकच फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान. त्यावर तपकिरी डाग पडलेत, कोपऱ्यातून एक घडी गेलीय आणि गालावरून कानापर्यंत कोणीतरी निळ्या बॉलपेनने रेघ ओढून ठेवलीय (घरातल्या सगळ्यांचं म्हणणं की तो उद्योग माझाच). स्कॅन करून मोबाइलमधल्या इरेजरने पुसायला गेलो तर डाग गेले पण गाल एकदम गुळगुळीत, आणि रेघ कानाला टेकते तिथे त्या पठ्ठ्याने अर्धा कानच खाल्ला. मग कॉम्प्युटरवर हीलिंग ब्रश घेऊन तासभर घासत बसलो तर गालावर तेच तेच ठिपके परत परत दिसायला लागले. स्कॅन ग्रेस्केलमध्ये (नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत) 300 डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) केलाय. आता काय करू?

निगेटिव्हवाला:
घोळ ग्रेस्केलमध्येच झालाय. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी डाग रंगीत आहे ना, मग स्कॅन कलरमध्येच करायचा. 600 डीपीआय ठेवा, टिफमध्ये (दर्जा न घालवणारी फाइल) सेव्ह करा, आणि ब्रशला हात लावायच्या आधी फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये रेड, ग्रीन, ब्लू असे तिन्ही चॅनेल (रंगीत फोटो ज्या तीन रंगांच्या थरांतून बनतो ते) एकेक करून उघडून बघा. पिवळा-तपकिरी डाग निळा उजेड शोषतो पण लाल बराचसा परत पाठवतो, त्यामुळे ब्लू चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि रेडमध्ये जवळजवळ गायब. म्हणजे रेड चॅनेल हाच तुमचा फोटो समजायचा, निम्मं काम न घासताच झालं. पेनची रेघ निळी, तिचं बरोबर उलटं, ती ब्लूमध्ये फिकी पडते. तेव्हा रेघेपुरता ब्लू चॅनेल वरच्या लेयरवर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून आणायचा आणि लेव्हल्सने (गडद-फिकं करायची सोय) आजूबाजूला जुळवायचा, कारण कागद पिवळा पडलेला असला की ब्लू सगळाच जरा गडद येतो. शाई दाट असेल तर रेघ पुरती जाणार नाही, पण उरलेली पुसणं सोपं.

रेघोट्या:
वरच्यांशी सहमत. फक्त बॉलपेनने कागद दाबला गेला असेल तर शाई गेली तरी खाचेची सावली राहते, घडीचंही तेच. त्यावर माझा उपाय म्हणजे फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा, दुसरा परत सरळ करून पहिल्यावर नीट बसवायचा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी 50 टक्के, म्हणजे तो अर्धा पारदर्शक ठेवायचा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो म्हणून दोन्ही सावल्या बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. बसवायला वैताग येतो हे आधीच सांगतो.

आणि कान का गेला तर हीलिंग ब्रश पोत एकीकडून उचलतो पण उजेड-सावली जिथे लावतोय तिथली घेतो, मग केसांच्या किंवा कानाच्या कडेला काळं आत ओढून चिखल करतो. कडेला क्लोन स्टॅम्पच (उचललेला तुकडा जसाच्या तसा चिकटवणारा) वापर, गालावर हीलिंग. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा आणि दर दोन-तीन ठिपक्यांनी ऑल्ट (गिम्पमध्ये कंट्रोल) दाबून नमुना दुसरीकडून घ्यायचा, तुझे ठिपके रिपीट झाले ते एकाच जागेवरून उचलत राहिलास म्हणून. सगळं रिकाम्या लेयरवर कर, मूळ फोटोला हात नको.

चष्मेवाली:
डस्ट अँड स्क्रॅचेस (धूळ-ओरखडे आपोआप पुसणारा) फिल्टर आख्ख्या फोटोला मारू नका हं. मी एकदा मारला आणि डोळ्यांतले चमकेचे बारीक पांढरे ठिपके धूळ समजून गेले, माणूस झोपेत उघड्या डोळ्यांनी बसल्यासारखा दिसायला लागला. आणि स्कॅनरची काच पुसली होती का? अर्धी धूळ तिथलीच असते. दुसऱ्या फोटोच्या स्कॅनमध्येही ठिपका त्याच जागी आला तर काचेवरचा.

अर्धवट_एडिटर:
झालं! काच पुसून कलरमध्ये परत स्कॅन केला, रेड चॅनेल उघडला आणि खरंच डाग गेले, मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. पेनची रेघ थोडी उरली ती क्लोनने काढली, कान शाबूत आहे. उलटा-सुलटा स्कॅन प्रकार दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला, घडी अजून पुसट दिसते पण राहू दे. एक ठिपका मात्र तिन्ही चॅनेलमध्ये तसाच काळा, ओठाच्या खाली डावीकडे. हा कसला चिवट डाग म्हणून आईला दाखवला तर ती म्हणाली, अरे तो तीळ आहे तिचा. परवा मी तो तीनदा पुसला होता.