कस्टर आणि रेल्वेचा सर्व्हे
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि तिथल्या मूळनिवासी सू लोकांचं भांडण ब्लॅक हिल्स डोंगरांतल्या सोन्यावरून सुरू झालं, पण सोनं १८७४ चं, त्याच्या आदल्याच वर्षी हा गडी सातवी कॅव्हलरी घेऊन यलोस्टोन नदीकाठी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या सर्व्हेवाल्यांना संरक्षण द्यायला गेला होता आणि तिथे ऑगस्टमध्ये सू लोकांशी दोनदा चकमक उडाली. गंमत म्हणजे सर्व्हेचा मुख्य इंजिनियर रॉसर, म्हणजे वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतला कस्टरचा जुना दोस्त आणि अमेरिकन यादवी युद्धात समोरच्या बाजूचा घोडदळ जनरल! दोघं मजेत गप्पा मारायचे म्हणे. मोहिमेतला वरिष्ठ अधिकारी स्टॅनली याच्याशी मात्र कस्टरचं बिनसलेलं, त्याने कस्टरला चक्क अटकेतही टाकलं होतं. आणि एवढं करून सप्टेंबरात रेल्वेला पैसा पुरवणारी जे कुकची पेढीच बुडाली, रूळ बिस्मार्क गावालाच अडकले.