सोसायटी लीग: ए-बी मॅच दोनदा कशाला?

महेश काका (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 सोसायटी क्रिकेट लीगचं टाइमटेबल ठरलं आहे. जुना फेज: ए, बी, सी विंग. नवा फेज: डी, ई, एफ. आपल्या फेजमधल्या टीमशी दोन-दोन मॅच, दुसऱ्या फेजमधल्यांशी एक-एक. प्रत्येकाच्या 7, एकूण 21. दर रविवारी 3. पॉइंट टेबल एकच, वरच्या 4 टीम सेमीफायनलला.

ओंकार ए-101: ए-बी दोनदा 🔥🔥

संगीता मावशी सी-302: सात रविवार?? गाड्या काय गच्चीवर लावायच्या?

प्रशांत डी-204: काका, यात गडबड आहे. सी विंगची टीम जमता जमत नाही. ए आणि बी त्यांना दोनदा धुणार, फुकटचे 4 पॉइंट. आमच्याकडं डी, ई, एफ तिघंही तोडीस तोड. आम्ही एकमेकांची डोकी फोडायची आणि सेमीला जाणार जुना फेज.

नितीन सी-101: काय बोलालाव प्रशांत. मागच्या वर्षी कोण हरवलं होतं तुम्हाला?

प्रशांत डी-204: पाऊस.

महेश काका (सेक्रेटरी): अरे, ए-बी मॅचला अख्खी सोसायटी खाली उतरते. बी-एफला अंपायर आणि वॉचमन. म्हणून दोनदा ठेवली.

देशपांडे सर बी-203: महेशराव, मी बी विंगचा, माझा फायदाच आहे, तरी प्रशांतचं म्हणणं बरोबर वाटतं. खुन्नस असलेल्यांशी जास्त मॅच ठेवायला माझी ना नाही. पण ज्याच्याशी जास्त खेळायचं, त्याच्याशीच जागेसाठी भांडण असलं पाहिजे. अमेरिकेतल्या एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या फुटबॉल लीगमध्ये, 32 टीम, चार-चारचे 8 डिव्हिजन. 17 मॅचपैकी 6 आपल्या डिव्हिजनमधल्या तिघांशी, दोन-दोनदा. पण तिथं डिव्हिजनचा पहिला नंबर थेट प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातो, आणि त्या चौघांचे बाहेरचे प्रतिस्पर्धीही बहुतेक तेच असतात. म्हणजे पेपर एकच, मग मार्कांची तुलना करा.

आपण काय केलंय? पेपर दोन काढले आणि मेरिट लिस्ट एक लावली.

ओंकार ए-101: सर, आयपीएलमध्ये पण असंच आहे की. तिथं कोण ओरडतंय?

देशपांडे सर बी-203: ओरडायला पाहिजे. 2022 पासून दहा टीम झाल्या, तेव्हापासून ग्रुप फक्त टाइमटेबलपुरते. 14 मॅच, पाच जणांशी दोनदा, चौघांशी एकदा, टेबल मात्र दहाही जणांचं एकच. कमजोर टीम कुणाच्या वाट्याला दोनदा आली, हे नशीब. चौथ्या नंबरसाठी रनरेटवर मारामारी होते तेव्हा हे कुणी बोलत नाही.

ओंकार ए-101: पण एकदाच ठेवली की काय होतं ते पण बघा ना. 2024 ला मुंबई-चेन्नई एकच मॅच, वानखेडेवर. धोनीनं 4 बॉलमध्ये 20 काढले आणि आपण 20 रननंच हरलो. चेपॉकला जाऊन फेडायची सोयच नाही. 2025 ला दोनदा होती तर चेपॉकला हरलो, वानखेडेवर 9 विकेटनं वसूल केलं. याला म्हणतात लीग.

वैशाली ताई ई-402: दोनदा ठीक आहे रे. 2025 च्या आशिया कपात भारत-पाकिस्तान तीनदा झालं, सप्टेंबरचे लागोपाठ तीन रविवार. पहिल्याला आमच्याकडं पाहुणे, वडे, सगळं. दुसऱ्यानंतर सूर्यकुमारच म्हणाला, याला आता रायव्हलरी म्हणू नका. फायनलला तिलक वर्मा उभा राहिला म्हणून रंगली, नाहीतर मी तर निवडणं घेऊनच बसले होते.

ओंकार ए-101: ताई, ते एकतर्फी होतं म्हणून. ए-बी एकतर्फी नाही.

विलास आजोबा एफ-001: ओंकार, तू जन्मला नव्हतास तेव्हा रणजी करंडक झोनवर चालायचा. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. मुंबई-महाराष्ट्र दरवर्षी ठरलेली. हरलो तरी पुढच्या वर्षी परत आहेच. 2002-03 ला एलिट आणि प्लेट असे वरच्या-खालच्या दर्जाचे गट आले आणि ते गेलं. मला अजून वाईट वाटतं. सर, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण माणूस हिशेबासाठी मॅच बघत नाही.

देशपांडे सर बी-203: आजोबा, तुमचाच दाखला माझ्या बाजूचा आहे. झोनमध्ये मॅच आणि झोनमधूनच पुढं जायचं, दोन्ही एकत्र होतं. प्रो कबड्डीतही 2017 ला असंच केलं. यू मुंबा आणि पुणेरी पलटण एका झोनमध्ये, झोनमधल्या पाचही टीमशी तीन-तीनदा, आणि प्रत्येक झोनचे वरचे तीन पुढं. जास्त वाटलं असेल, पण अन्याय नव्हता. 2019 ते 2024 सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा.

अमेरिकेतले बेसबॉलवाले पण याच कारणानं वळले. 162 मॅच, डिव्हिजनमधल्या चौघांशी प्रत्येकी 19. नुसत्या त्यातच 76 गेल्या! वाइल्ड कार्डच्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांसाठी ठेवलेल्या प्लेऑफच्या जागांसाठी मात्र तुलना दुसऱ्या डिव्हिजनवाल्यांशी. 2023 पासून 19 च्या 13 केल्या आणि स्वतः सोडून सगळ्या 29 टीमशी खेळायला लावलं.

नितीन सी-101: सर, एवढं कधी वाचता?

देशपांडे सर बी-203: निवृत्त आहे.

प्रशांत डी-204: माझं अजून एक. खुन्नस टाइमटेबलनं तयार होत नसते. महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 ला आली, छत्रपती संभाजी किंग्ज म्हणून आपल्या मराठवाड्याची टीम, तुळजापूरचा फास्ट बोलर हंगरगेकर त्यात. पण सगळ्या मॅच पुण्याजवळ गहुंज्याला. सोलापूर रॉयल्सशी दहा वेळा खेळवली असती तरी लातूरच्या माणसाला काय फरक पडला असता? एक मॅच इथं लातूरला ठेवा, मग बघा.

विलास आजोबा एफ-001: लातूर-नांदेड ठेवा. विभागीय आयुक्तालय कुणाकडं, याचं पण एकदाचं मैदानात मिटून जाईल.

महेश काका (सेक्रेटरी): आजोबा, राजकीय पोस्ट नको 🙏

वैशाली ताई ई-402: आणि आपल्याकडं खरी खुन्नस ए-बीची नाहीच मुळी. जुना फेज विरुद्ध नवा फेज आहे. मे महिन्यात टँकर आधी कुठल्या टाकीला लागला, यावरून जे झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. आणि त्या मॅच तुम्ही एक-एकच ठेवल्यात.

संगीता मावशी सी-302: 👆 हे खरं बोललीस.

महेश काका (सेक्रेटरी): बरं, ऐका. मॅच त्याच, 21. टेबल दोन, जुन्या फेजचं वेगळं, नव्याचं वेगळं. दोन्हीकडचे वरचे दोन सेमीला. सेमी क्रॉस: जुन्याचा पहिला विरुद्ध नव्याचा दुसरा, नव्याचा पहिला विरुद्ध जुन्याचा दुसरा. म्हणजे जुना-नवाही झालं. सर, चालेल?

देशपांडे सर बी-203: चालेल. फक्त दुसऱ्या फेजशी झालेल्या मॅचचे पॉइंटही आपापल्या टेबलात धरा. तिघांनाही बाहेरचे तेच तीन आहेत, तक्रार नाही. नाहीतर त्या मॅचला कुणी जीव तोडून खेळणार नाही.

प्रशांत डी-204: मान्य. पण सी विंग अजून कच्चीच आहे, ए-बीला सेमी आयतीच.

नितीन सी-101: मग दोन पोरं उसनी द्या की आम्हाला. भाडेकरू चालतील का काका?

महेश काका (सेक्रेटरी): चालतील. मेंटेनन्स भरलेला पाहिजे.

नितीन सी-101: मग आमची आहे ती टीम पण अर्धी बाद होईल 😅