मुलं पुरावा देतात, पण त्यातून काय कळतं ते लिहीत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. गाईडमधलं पाठ करून उतरवण्यापेक्षा मुलांना स्वतःचा एक परिच्छेद लिहिता यावा, असं या वर्षी मनावर घेतलंय. आधी विधान, मग पुरावा, आणि तो पुरावा विधानाला कसा आधार देतो ते दोन-तीन ओळींत. पहिली दोन कामं जमली. तिसऱ्यावर तीन आठवडे गाडी अडली आहे.

आठवीला विषय दिला १८७५ चा दख्खनचा उठाव. सुपे आमच्यापासून लांब नाही, कित्येक मुलं एसटीने तिथूनच जातात. १२ मे १८७५ ला त्याच सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांकडून हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. धान्याची दुकानंही लुटली. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात गेलं.

पाठातलं आणि माझ्याकडचं मिळून चिठ्ठ्या केल्या. एकीवर वह्या जाळल्याची हकिकत. दुसरीवर, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि इथल्या कापसाचे भाव कोसळले. मग वाढलेला शेतसारा. मग १८५९ चा मुदतीचा कायदा: कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं त्याने ठरवलं, ते शेतकऱ्यावर व्याज साचत जाऊ नये म्हणून. पण तीन वर्षं भरली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घ्यायचे. शेवटच्या चिठ्ठीवर १८७९ चा कायदा, ज्याने कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. प्रश्न एकच ठेवला: शेतकऱ्यांचा राग नेमका कशावर होता?

बहुतेक वह्यांत हे आलं:

"शेतकऱ्यांचा राग कर्जाच्या कागदांवर होता. सुपे येथे त्यांनी वह्या व रोखे जाळले. यावरून असे दिसून येते की शेतकऱ्यांचा राग कर्जाच्या कागदांवर होता."

पहिलंच वाक्य पुन्हा शेवटी. आणि ते 'यावरून असे दिसून येते' मीच फळ्यावर लिहून दिलं होतं, मुलांना सुरुवात सुचावी म्हणून. नमुन्याचा परिच्छेद दिला, तर सगळ्यांनी तोच उतरवला.

मुलांना कळत नाही असं मुळीच नाही. तोंडी चर्चेत एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, धान्य नेलं तर चार दिवस निघतात. वही जाळली तर पुढचं मागणंच मिटतं." मला हेच हवं होतं! तिच्या घरी सातबाऱ्यावर बोजा आहे, कागदाचं भय तिला कुणी शिकवायला नको. म्हटलं, आत्ता बोललीस तेच लिही. तिने लिहिलं, "यावरून शेतकऱ्यांचा संताप दिसून येतो." मी विचारलं, मघाचं का नाही लिहिलंस? तर म्हणाली, "बाई, ते पुस्तकात नाहीये."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. बोलताना मुलं जो विचार करतात तो कागदावर कसा उतरवून घ्यायचा? कुणी हे वर्गात केलं असेल तर कृपया सांगा. मला वर्गात करता येईल असं काही हवंय.

प्रतिसाद:

ताई, मी नववी-दहावीला मराठी शिकवतो. माझ्याकडेही हेच व्हायचं. मी दोन गोष्टी केल्या. 'यावरून असे दिसून येते' महिनाभर बंद. त्याऐवजी पुराव्यानंतरचं वाक्य 'असतं तर'चं हवं. नुसतं अमुक असतं, तर लोकांनी काय केलं असतं? हे वाक्य लिहायचं तर पहिलं वाक्य परत लिहून भागत नाही, पुराव्याकडे बघावंच लागतं.

दुसरं, जोड्या लावा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलं तसं लिहून घ्यायचं, बोलीत आलं तर बोलीत. त्या दिवशी लाल पेन हातात घेऊ नका. प्रमाण भाषेचं दुसऱ्या तासाला बघा. आणि धान्याच्या लुटीची चिठ्ठी केली नसेल तर जरूर करा. ती 'राग कागदांवर' या विधानाच्या आड येते, म्हणून तिचं काय करायचं यावर मुलं भांडतील, आणि भांडताना कारणं देतील.

धागाकर्ती:

सर, मनापासून आभार. एका तुकडीत कालच करून पाहिलं. धान्याच्या चिठ्ठीवर खरंच भांडण झालं, तास संपला तरी थांबेनात. एका जोडीचं जसंच्या तसं देते:

"नुसती भूक असती तर धान्य नेऊन गप बसले असते. पण त्यांनी वह्या पण जाळल्या. कारण दर तीन वर्षांनी नवा रोखा झाला की व्याजावर पण व्याज चढायचं. वही राहिली असती तर धान्य खाऊन पण कर्ज तेवढंच राहिलं असतं."

दोन चिठ्ठ्या आपण होऊन जोडल्यात. मी काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या काही जोड्यांनी मात्र 'असते तर' नुसतं चिकटवलंय, त्यांच्याबरोबर पुन्हा बसावं लागेल.

आता दहावीचं विचारते. 'सकारण स्पष्ट करा'ला सुटे मुद्दे लिहायची त्यांची सवय पक्की झालीय आणि परीक्षा तोंडावर आहे. एवढ्यात त्यांना या वाटेला लावावं, की गुणांचं बघून या वर्षी फक्त आठवी-नववीलाच करावं? तुम्ही दहावीला हे कोणत्या महिन्यात सुरू करता?