परसेप्ट्रॉन १९५८ चे, मग यश २०१२ मध्येच का?

प्रश्न (अमळनेर, शिक्षिका)

नमस्कार. मी अकरावी-बारावीला संगणकशास्त्र शिकवते. कृत्रिम बुद्धिमत्ता २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटीबरोबरच जन्माला आली, असा वर्गातील बहुतेक मुलांचा समज होता. म्हणून मी त्यांना या विषयावरील १९५६ च्या अमेरिकेतील डार्टमथ येथील उन्हाळी परिषदेविषयी आणि फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या परसेप्ट्रॉनविषयी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राविषयी, सांगितले. १९५८ मध्ये त्यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर दाखवलेल्या प्रयोगात, डाव्या बाजूला खूण असलेली कार्डे कोणती आणि उजव्या बाजूला असलेली कोणती, हे यंत्र ५० प्रयत्नांनंतर स्वतःच ओळखू लागले होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, यंत्र तेव्हाच शिकत होते, तर मधली पन्नास वर्षे कुठे गेली?" "संगणक मंद होते" एवढेच उत्तर मी दिले, पण ते मला स्वतःलाच अपुरे वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (भुसावळ, निवृत्त अभियंता)

ताई, विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. मंद संगणक हे एक कारण खरेच, पण त्याआधी एक गणिती अडचण होती आणि ती घरातल्या जिन्याच्या दिव्यावरून समजावता येते. त्या दिव्याला एक बटण खाली असते आणि एक वर. दोन्ही बटणे एकाच बाजूला असली की दिवा बंद राहतो, एक वर आणि दुसरे खाली असले की तो लागतो. म्हणजे खालचे बटण दाबल्यावर दिवा लागेल की विझेल, हे वरचे बटण कोणत्या स्थितीत आहे यावर ठरते. एकथरी परसेप्ट्रॉन मात्र प्रत्येक बटणाला एक ठरावीक वजन देतो, वजनांची बेरीज करतो आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की "चालू" म्हणतो. कोणतीही वजने घेतली तरी या बेरजेतून जिन्याचा दिवा साधत नाही. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पापर्ट यांनी १९६९ मध्ये अशा मर्यादा काटेकोरपणे सिद्ध केल्या. मध्ये आणखी एक थर घातला की अडचण सुटते, परंतु चूक झाल्यावर मधल्या थरातील कोणते वजन किती बदलायचे, हे शिकवण्याची चांगली रीत तेव्हा हाती नव्हती. चूक शेवटाकडून मागे मागे नेत प्रत्येक वजनाचा वाटा काढण्याची पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर सर्वत्र रुजली. त्याआधीही काहींनी ती मांडली होती, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

उत्तर २ (धुळे)

वरील उत्तरात एक भर घालतो. या संशोधनाला ओहोटी केवळ मिन्स्की-पापर्ट यांच्या १९६९ च्या पुस्तकामुळे आली नाही. यंत्राद्वारे भाषांतरावर १९६६ मध्ये अमेरिकेत प्रतिकूल अहवाल आला, १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर टीका करणारा लाइटहिल यांचा अहवाल आला, आणि दोन्हींनंतर सरकारी पैसा आटला.

उत्तर ३ (रावेर, केळी उत्पादक)

मधल्या काळात संशोधक स्वस्थ बसले नव्हते, ते दुसऱ्या वाटेने गेले होते. तज्ज्ञाचे ज्ञान "असे असेल तर तसे" अशा नियमांत लिहून काढायचे, ही ती वाट. स्टॅनफर्डच्या मायसिन या प्रणालीत रक्तातील जंतुसंसर्गाविषयी सुमारे ६०० नियम होते. आपल्याकडेही १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा प्रकल्प सुरू झाला आणि टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), आयआयटी मद्रास अशा संस्थांत काम झाले.

ही वाट कुठे अडते, ते मी आमच्या बागेत रोज पाहतो. घड कापणीला आला की नाही, हे माझे वडील दोन पावलांवरून सांगतात. मी कारण विचारले, तर म्हणतात, "केळाच्या कडा बोथट झाल्या, गोलाई आली." पण किती गोलाई, हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही, आणि ढगाळ हवेत तर ते स्वतःचाच नियम मोडून वेगळे सांगतात. असे ज्ञान नियमांत उतरत नाही, ते असंख्य घड पाहूनच येते. यंत्रालाही तसेच हवे होते. संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये इमेजनेट हा नावे दिलेल्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह उभा राहिला, आणि त्यावर आधारित चित्रे ओळखण्याच्या २०१२ च्या स्पर्धेत क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर व हिंटन यांच्या बहुथरी जाळ्याने (परसेप्ट्रॉनसारखे अनेक थर जोडलेल्या रचनेने) सुमारे १२ लाख चित्रांवर शिकून चुकांचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले; दुसऱ्या क्रमांकाच्या चुका २६.२ टक्के होत्या. ते जाळे दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकले, आणि ती कार्डे मुळात खेळांसाठी बनलेली होती. रीत, उदाहरणे आणि गणनशक्ती या तिन्ही गोष्टी तेव्हा कुठे एकत्र आल्या.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या शाळेच्या जिन्यालाही दोन बटणांचा दिवा आहे. सोमवारचा तास मी तिथेच घेणार आहे. मुले कागदावर दोन्ही बटणांसाठी वजने निवडून पाहतील. रावेरच्या दादांना एक विनंती आहे: कापणीला आलेल्या आणि न आलेल्या घडांची वीस-वीस छायाचित्रे पाठवलीत, तर दुसऱ्या तासाला मुलांना गोलाईचा नियम लिहायला सांगेन.