पोकलेनची बकेट वाचवायला आधी काय लावायचं? काळ्या दगडाचं काम आहे

खदानवाला_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २० टनी पोकलेन आहे, अर्धं काम गिट्टी खदानीत म्हणजे ब्लास्ट केलेला काळा दगड डंपरमध्ये भरायचा, आणि बाकीचं काम शहरात बेसमेंट नाहीतर ड्रेनेजच्या खोदाईचं, वर काळी माती, खाली पिवळा मुरूम आणि त्याखाली परत तोच दगड, इंदूरमध्ये कुठेही खणलं तरी लागतं तसं. दात झिजतात त्याचं काही नाही, ते झिजायलाच लावलेले असतात. पण आता दोन दातांच्या मधली लिप, म्हणजे जिच्यावर दात बसतात ती पुढची जाड पट्टी, आतल्या बाजूला अर्धगोल खाल्ली गेलीये, कोपऱ्यातले दात मधल्यांच्या कितीतरी आधी संपतात, आणि मागची टाच, जिथे तळ वळून वर जातो, तिथे हातोडी मारली की पातळ पत्र्यासारखा आवाज येतो.
वेल्डर म्हणतो सगळीकडे हार्डफेसिंगचा, म्हणजे वरून कडक थर चढवायचा, रॉड चालवून टाकू. सियागंजच्या एका दुकानदाराने लिप श्राउड, साइड श्राउड, हील श्राउड (म्हणजे लिप, बाजू आणि टाच झाकणारे बदलायचे तुकडे), आतली लायनर (आतून लावायची प्लेट) अशी लांबच लांब यादी हातात दिली. ऑपरेटर म्हणतो नवीन बकेटच घ्या. तिघांचं तीन दिशांना. मध्यंतरी लोकल दात घेतले होते, दुकानाचं नाव लिहीत नाही, ते टोकाला झिजायच्या आधी पिनच्या भोकापाशीच तडकले. म्हणून विचारतो, पैसे आधी कुठे घालायचे? आणि मँगनीजचे दात घ्यावेत का?

फॅब्रिकेशन_देवासनाका
भाऊ, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण क्रम चुकतोय. बकेटमध्ये काय बदलता येतं आणि काय नाही, आधी ते बघा. दात पिन काढून बदलतो, श्राउड बदलतो, साइड कटरचे म्हणजे बाजूच्या पात्याचे बोल्ट काढून तो बदलतो, पण लिप आणि तळाची प्लेट म्हणजे खुद्द बकेट. बदलायची वस्तू वेळेत बदलली नाही की तिच्या मागची न बदलायची वस्तू झिजायला लागते, तुमच्याकडे आत्ता तेच चाललंय.
सगळ्यात जास्त मरतो तो अडॅप्टर, म्हणजे लिपवर वेल्ड केलेला दाताचा ठोकळा. दात त्याच्या ज्या नाकावर बसतो ते नाक बघा, दात काढल्यावर कडेला चकचकीत घासलेली रेघ दिसते का आणि खालची बाजू वरच्यापेक्षा बारीक झालीये का. तसं असेल तर नवा कोरा दात लावला तरी हलणारच, दांड्यावर ढिली झालेली कुऱ्हाड जशी, आणि मग सगळा मार पिनवर नाहीतर भोकाच्या कडेवर जातो. तुमचे लोकल दात भोकापाशी तडकले त्याला मालही कारण असेल, पण नाकाचं माप आधी तपासा आणि दात-अडॅप्टर एकाच सिरीजचे आहेत ना तेही बघा. दात इतका झिजला की आतलं नाक दिसायला लागलं, म्हणजे उशीर झाला. त्याच्या आधीच काढायचा.
कोपऱ्याचे दात आधी जाणारच, बकेट आत शिरताना बाजूची भिंत तेच कापतात. म्हणून अर्धे झिजल्यावर कोपऱ्याचे मधे आणि मधले कोपऱ्यात असे फिरवा. दात वरखाली सारख्या आकाराचा असेल तर उलटाही करून लावता येतो, कारण खालची बाजू नेहमी जास्त खाल्ली जाते.
आता तुमची लिप. ती अर्धगोल खाल्लेली असताना वरून श्राउड लावू नका, खाली सपाट बैठक नसेल तर तो डुगडुगत राहतो आणि त्याच्या वेल्डला तडे जातात. आधी खाल्लेला भाग चौकोनी कापून त्याच जाडीचा त्याच ग्रेडचा तुकडा बसवा, मग दातांच्या मधे श्राउड. काळ्या दगडात हा खर्च वसूल होतो असं मी ठामपणे सांगतो. टाचेला हील श्राउड किंवा चॉकी बार. चॉकी बार म्हणजे मऊ स्टीलच्या पट्टीवर बसवलेलं पांढरं कास्ट आयर्न, कडकपणा ७०० ब्रिनेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपास, खाचा असल्यामुळे गोलाईवर वाकवून वेल्ड करता येतो. घासायला जबरदस्त, पण ठिसूळ, म्हणून पुढच्या धारेवर लावायचा नाही.
आणि आतून लायनर सरसकट नको. १० मिमी प्लेटचा एक चौरस मीटर साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरतो, ते वजन मशीन प्रत्येक खेपेला उचलणार, डिझेल जाळून. शिवाय आत पट्ट्या लावल्या की पावसाळ्यात आपली काळी माती त्यात अशी अडकते की फावड्याने काढावी लागते.

ग्वाल्हेरचा_मिस्त्री
मँगनीजबद्दल मी सांगतो. १८८२ मध्ये हॅडफिल्डने शोधलेलं स्टील आहे ते, साधारण १२ टक्के मँगनीजचं. त्याची गंमत ही की मुळात ते फार कडक नसतं, २०० ब्रिनेलच्या आसपास, पण वरून जोरात मार बसत राहिला की वरचा थर कडक होत जातो. म्हणून क्रशरच्या जॉ प्लेटला (दगड चिरडणाऱ्या जबड्याच्या प्लेटला) ते उत्तम, तिथे दिवसभर दगड आपटतोय. बकेट ढिगातून घासत जाते, मार कमी आणि रगड जास्त, मग ते कडक होतच नाही आणि नुसतं झिजत राहतं. बकेटच्या दातांना बहुतेक करून लो-अलॉय स्टील कास्ट करून हीट ट्रीटमेंट दिलेलं असतं, तेच घ्या.
आमच्याकडे सँडस्टोन आहे, किल्ल्याचा डोंगर सगळा त्याचाच. हातात घेतला तर तुमच्या काळ्या दगडापेक्षा मऊ वाटेल, पण आत सगळा क्वार्ट्झ, तो ५०० ब्रिनेलच्या प्लेटलासुद्धा ओरबाडतो. इकडे दात टोकदार असतानाच बारीक होत जातो, तिकडे तुमच्याकडे टोक बोथट होत असेल किंवा तुटत असेल. त्यामुळे इकडच्या माणसाने सांगितलेला दात तिकडे तसाच्या तसा चालेल असं धरू नका. ब्लास्ट केलेल्या काळ्या दगडाला जाड छिन्नीसारखा रॉक दात बरा. वाघनखासारखा टायगर दात घट्ट मुरूम फोडायला छान पण मोठ्या धोंड्यात टोक उडतं. आणि ब्लास्टिंगच नीट होत नसेल, मोठाले तुकडे राहात असतील, तर कुठलाही दात लावा, ऑपरेटर एका कोपऱ्याच्या दाताने धोंडा उचकटत बसणार.

खदानवाला_इंदूर
दोघांचेही मनापासून आभार. दात काढून बघितले, दोन अडॅप्टरची नाकं खालून स्पष्ट बारीक झालीयेत आणि चकचकीत रेघपण आहे. मग वेल्डरच्या हार्डफेसिंगचं काय करू? तो म्हणतोय नाकावरच रॉड भरून ग्राइंडरने घासून माप आणतो. आणि एक भीती अशी की दात ढिला होऊन गिट्टीबरोबर क्रशरमध्ये गेला तर काय, शेजारच्या खदानीत तसं झालं तेव्हा जॉ प्लेट गेली आणि क्रशर बंद पडून राहिला.

बडोदा_अर्थमूव्हर
आम्ही बडोद्याला ओरसंगच्या रेतीत चालवतो, रेतीत हार्डफेसिंगचा अनुभव भरपूर आहे म्हणून लिहितोय. हार्डफेसिंग वाईट नाही, फक्त रेघा कुठल्या दिशेने मारल्या त्यावर सगळं आहे. रेती आणि मातीत रेघा आडव्या मारतात, म्हणजे माल ज्या दिशेने घासत जातो त्याला काटकोनात, मधे रेती भरून बसते आणि तीच प्लेटला झाकते. मोठ्या दगडात रेघा उभ्या, मालाच्या दिशेने, म्हणजे धोंडा त्यांच्यावरून सरकतो. तुमच्यासारखं दोन्ही काम असेल तर चौकटी नाहीतर ठिपके. क्रोमियम कार्बाइडचा रॉड असेल तर थंड होताना बारीक आडव्या भेगा पडतात, त्या पडणारच, घाबरू नका, पण थरावर थर चढवू नका, दोन पुरे, जास्त केलं की ढलपा निघतो.
क्रशरचं म्हणाल तर रोज सकाळी ग्रीस मारताना ऑपरेटरने प्रत्येक दात हाताने हलवून बघायचा आणि दात मोजायचे, डंपर भरायला सुरुवात करायच्या आधी. दुपारच्या जेवणाला मशीन थांबलं की परत. दात बदलताना पिन आणि लॉक नवीन टाकायचं, जुनं ठोकून परत बसवायचं नाही, सुटलेले दात बहुतेक तिथूनच सुटतात. आणि पिन ठोकताना डोळ्याला गॉगल पाहिजेच पाहिजे, कडक स्टीलवर हातोडी बसली की कपची गोळीसारखी उडते. अडॅप्टर बदलणारच आहात तर हातोडी न लागणारा लॉक असलेली सिरीज बघा, थोडी महाग आहे पण ऑपरेटर दात वेळेवर फिरवतो कारण त्याचा त्रास वाचतो.

फॅब्रिकेशन_देवासनाका
नाकावर रॉड भरून माप आणता येतं, पण त्यासाठी त्या सिरीजचं गेज (माप तपासायचा साचा) पाहिजे आणि हार्डफेसिंगचा रॉड तिथे अजिबात नको, तो ठिसूळ. दोनच नाकं गेलीयेत तर ते दोन अडॅप्टर कापून नवीन लावा. वेल्डरला हे वाचून दाखवा. रॉड लो-हायड्रोजन, ७०१८, ओव्हनमध्ये ३०० डिग्रीच्या वर तासभर सुकवलेला, दुकानातून आणलेलं पाकीट फोडून तसाच नाही. लिप आणि अडॅप्टर दोन्ही दीडशे-दोनशे डिग्रीपर्यंत गरम करायचे, टेम्परेचर चॉकने (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने) बघायचं, नुसत्या अंदाजाने नाही. वेल्डची सुरुवात किंवा शेवट लिपच्या पुढच्या धारेवर करायचा नाही, तडा तिथूनच धावतो. झाल्यावर गरम वेल्डवर पाणी मारायचं नाही, झाकून हळूहळू थंड होऊ द्यायचं, म्हणजे संध्याकाळी वेल्ड करून रात्रभर ठेवलेलं चांगलं.
बकेट मशीनला लावलेली असतानाच वेल्ड करणार असाल तर आधी बॅटरी आणि कंट्रोलरचा कनेक्टर काढा, आणि अर्थचा क्लॅम्प ट्रॅकला वगैरे न लावता बकेटलाच, वेल्डच्या जवळ, रंग घासून लावा. नाहीतर करंट बकेटच्या पिन-बुशमधून जातो आणि एक काम करताना दुसरं निघतं. लिपची जाडी दातांच्या मधे तीन-चार ठिकाणी मोजून इथे टाका, श्राउड कुठल्या मापाचा लागेल ते सांगतो.